टाय कोणी बांधला?

फ्लीटवूड, ऑक्टोबर

प्रिय ग्लेनिस,

तुझं कार्ड मिळालं. "मी मजेत, काळजी नसावी." बस, एवढंच? गोदीवर माझ्या शेजारी उभी राहून मासे साफ करताना जिचं तोंड क्षणभर मिटत नव्हतं, तिनं इतकं आखडतं घ्यावं? असो, त्याचं शेवटी बघते. आधी माझी बातमी ऐक, चांगली आहे. माझा नॉर्मन घरीच राहणार! केअर होमचं नाव आता कोणी काढणार नाही.

त्याचा कंपवात तुला ठाऊक आहे. मागच्या हिवाळ्यात तो फार वाढला. त्याला उचलता उचलता माझी कंबर गेली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, "घरी मदतनीस ठेवा, नाहीतर त्यांना केअर होममध्ये पाठवा." मदतनिसाला द्यायला पैसे कुठून आणणार? मग कळलं की अपंगांसाठी सरकारी भत्ता असतो. अर्ज केला. तपासणीला एक बाई घरी येणार असं पत्र आलं, आणि तिथेच आम्ही माती खाल्ली.

अगं, बाहेरचं माणूस घरी येणार म्हटल्यावर आपण काय करतो? मी दाराची पायरी घासली, आल्याचा केक केला, आईचे निळ्या काठाचे कप काढले. नॉर्मन म्हणाला, "मी सूट घालणार. सरकारी माणसासमोर गबाळ्यासारखा बसणार नाही." सगळी सकाळ त्याला सूट चढवण्यात गेली. बाई आली तेव्हा हा पठ्ठ्या टेबलाला धरून उभा राहिला आणि चक्क हात पुढे केला! तिनं विचारलं, "कसे आहात?" "ठणठणीत! तक्रार करून कुणाचं भलं झालंय?" स्वयंपाक जमतो का? "थेल्माला मदत करतो की!" त्याची मदत म्हणजे खुर्चीत बसून मला सूचना देणं. आणि मी बावळट शेजारी हसत बसले, वर तिला केकचा आणखी एक तुकडा वाढला. ती गेल्यावर हा दोन दिवस अंथरुणातून उठला नाही.

उत्तर आलं. नीटनेटके आहेत, टाय लावला होता, स्वतः उठून स्वागत केलं, मनानं आनंदी आहेत. भत्ता नामंजूर. नॉर्मन म्हणतो कसा, "लिहिलंय मात्र चांगलं हं माझ्याबद्दल." असा राग आला म्हणून सांगू!

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मंगळवारी अशा सरकारी कामांबद्दल फुकट सल्ला देणारी मंडळी बसतात. जायची मला लाज वाटत होती. ओळखीचं कोणी भेटलं तर? भेटलंच. खाटकाची बायको बाकावर बसली होती, तिनंच सरकून मला जागा दिली. टेबलामागे मिसेस ऑर्मरॉड, पूर्वीच्या मुख्याध्यापिका. त्यांनी नकाराचं पत्र वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "टाय कोणी बांधला?" मी म्हटलं, "मी." "बटणं?" "मीच." "बुटाच्या नाड्या?" मला रडूच फुटलं. "मग हे त्या बाईंना का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "परक्या माणसासमोर नवऱ्याची अब्रू कशी काढू?" तशा त्या म्हणाल्या, "अहो, त्यांना खरं कळलंच नाही तर त्या देणार काय, कप्पाळ?"

पुढच्या आठवड्यात त्या अपिलाचे कागद भरायला घरी आल्या. "चांगला दिवस नको, वाईट दिवस सांगा," म्हणाल्या. मी सांगत गेले. घास भरवणं, न्हाणीघर, ओल्या चादरी, सगळं. नॉर्मन समोरच बसला होता. त्याच्यासमोर मी यातलं एक अक्षर कधी बोलले नव्हते. तो खिडकीकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "थेल, मला वाटायचं, तुला जमतंय सगळं." मी म्हटलं, "नाही रे जमत." मिसेस ऑर्मरॉड मुकाट्यानं उठल्या आणि किटली भरायला स्वयंपाकघरात गेल्या.

सुनावणीला येताना टाय लावायचा नाही, अशी त्यांनी तंबीच दिली होती. नॉर्मन रोजच्या स्वेटरमध्ये, नजर खाली घालून बसला होता. अपील ऐकणाऱ्यांनी विचारलं, "मिस्टर डकवर्थ, कसे आहात?" मी डोळे घट्ट मिटले. म्हटलं, आता हा ठणठणीत म्हणणार आणि सगळं मुसळ केरात! तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरा नाही. ही नसेल तर मला पलंगावरून उठतासुद्धा येत नाही." एवढं बोलणं त्याला किती जड गेलं, ते मलाच माहीत.

भत्ता मंजूर झाला. आता रोज सकाळी केरिस नावाची मुलगी त्याला आंघोळ घालायला येते. तो तिला मासेमारीच्या बोटीवर असतानाच्या थापा मारतो, ती आतून ओरडते, "काहीही हं, नॉर्मन!" आणि मी चहा गरम असतानाच पिते. मिसेस ऑर्मरॉडचे उपकार कसे फेडू, कळत नाही. आल्याचा केक नेऊन दिला, तर म्हणाल्या, "हा मात्र योग्य ठिकाणी आला." चांगली माणसं आहेत गं जगात. आपणच त्यांच्या दारात जात नाही.

आता तुझ्याकडे वळते. तुझ्या भाचीचा, शेरिलचा, फोन आला होता. गुडघ्यांपायी तू कित्येक महिने माडीवर गेली नाहीस, खाली कोचावरच झोपतेस, किटली उचलताना हात भाजून घेतलास. आणि मला लिहितेस "मी मजेत"! माझं पोर आजारी होतं तेव्हा माझ्या वाट्याचे मासे तू साफ करायचीस, मला न विचारता. म्हणून मीही तुला न विचारता एक काम केलंय. मिसेस ऑर्मरॉडना सांगून तुमच्या ग्रिम्सबीच्या सल्लाकेंद्रात फोन करवला. येत्या गुरुवारी अकरा वाजता तिथल्या एक बाई तुझ्याकडे येतील. पायरी घासू नकोस. केक करू नकोस. दार उघडायला उठू नकोस, शेरिल उघडेल. आणि त्यांनी "कशा आहात?" विचारलं, की नॉर्मनसारखी आधी थोडा वेळ गप्प बस, आणि मग सांग.

तुझीच, आयुष्यभराची आगाऊ,
थेल्मा