पडद्याआडची हूं

माकणी, १९४४

प्रिय शरिफा,

मुद्दाम मराठीत लिहितोय. अब्बांना उर्दूच वाचता येतं, आणि हे त्यांनी वाचायला नको. शेजारच्या शांतम्माकडं बसून तू बाराखडी गिरवलीस ते बरं झालं.

तुझा निकाह सोलापूरच्या अत्तरवाल्याशी ठरला, हे तुळजापुरात जैनोद्दीन चाचांकडून कळलं. मी तिथं कसा, विचारू नकोस. एका चुडेवाल्याच्या गाडीवर बसलो, तो नळदुर्गाला जाणार होता, पण बैलच... असू दे. चाचा कौतुकानं म्हणाले, लडकी लई सीधी, तोंडातून चकार शब्द काढला न्हाय. मीही खूश झालो.

तिथून भटकत माकणीला आलो, तर इथं एका घरी निकाह. ठरलेला गवाह तापानं पडलेला, म्हणून माझ्यासारख्या अनोळखी माणसाला टोपी घालून धरून नेलं. बिर्याणीचा वास असा, की मी कशालाही गवाह झालो असतो. नवरीचे मामा वकील, म्हणजे तिची मर्जी विचारून येणारे. आम्ही दोघं गवाह त्यांच्यामागून पडद्यापाशी गेलो. मामांनी विचारलं, कबूल? आतून 'हूं' आलं. आम्ही माघारी.

काझीसाहेब म्हातारे. त्यांनी मला विचारलं, हूं कुणाची होती? मंडळी हसली. मी भोळेपणानं बोलून गेलो, दात पडलेल्या बाईची वाटली. हसणं थांबलं. आतून नवरीच्या बापाची बहीण, फुफी नसीमबी ओरडली, "दर निकाहात मीच म्हणते की! पोरी लाजतात!"

काझींनी आम्हाला परत पाठवलं. ह्या वेळी पडद्याआडून बारीक, पण साफ आवाज आला, "मेरेकू कबूल नै."

शरिफा, मी आधी पळायची वाट बघून ठेवली. वाटलं, आता पोरीला मारतील, काझींनाही मारतील. बापानं टोपी काढून काझींच्या पायांवर टाकली. काझी म्हणाले, "निकाह तिचा हाय, तुझा न्हाय. पैगंबर रसूलांपुढं अशीच एक लेक आली होती, बापानं मनाविरुद्ध लावून दिलेली. त्यांनी तिचं ऐकलं. मग मी कोण मोठा?" आणि निकाह न लावताच त्यांनी चपला घातल्या.

मला हे ठाऊकच नव्हतं गं! इतके निकाह पाहिले, निकाहानंतर उधळलेले इतके छुहारे लुटले. वाटायचं, विचारणं ही नुसती रीत. मदरशातून पळालो, तेव्हा कळणार कुठून? पण जे पळाले नाहीत, त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? आपल्या अम्मीला कुणी विचारलं असेल का?

काझींना वाटेत गाठून विचारलं, पोरगी गप्पच बसली असती तर? ते म्हणाले, "गप्प बसली की हो धरतात, बेटा."

तेव्हापासून जिवाला चैन नाही. अब्बांचा निरोप चाचांनीच दिला होता, तुझ्या निकाहात गवाह मीच. मी येणार. अत्तरवाला तुझ्या मनात भरला असेल तर खणखणीत हो म्हण. नसेल तर नाही म्हण. पुढं अब्बा माझी पाठ फोडोत. फुफीला, चाचीला, कुणाला तुझ्या वतीनं बोलू देणार नाही. पण तू गप्प राहिलीस, तर पडद्याबाहेर उभा असलेला तुझा भाऊच तुझ्याविरुद्ध गवाही देऊन बसेल. तेवढं माझ्या हातून होऊ देऊ नकोस.

तुझाच भटक्या भाऊ,
गफार