पत्नीचे नाव शुद्ध केल्याबाबत

गुरुजी,

एक तक्रार नोंदवायची आहे. आमच्या नगर पंचायतीच्या जिन्याखाली, जिथं वळताना माणसाचं तोंड आपोआप भिंतीकडं होतं, तिथं मागच्या महिन्यात नव्यानं रंगवलं आहे, 'येथे थुंकु नये'. थुंकु. ह्रस्व. मी पेंटरला थांबवून म्हटलं, बाबा, शेवटचा उकार दीर्घ असतो. तो म्हणाला, "दीर्घ काढाले जागा कुठी हाय साहेब? खाली पाईप हाय ना." मी रीतसर टिपणी ठेवली. मुख्याधिकारी मॅडमनी तिच्यावर 'नोंद घेण्यात आली' असा शेरा मारला, आणि ती नोंद कुणी घेतली, कुठं ठेवली, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. आता येणारेजाणारे नेमके त्या उकारावर थुंकतात. पंधरा दिवसांत त्याला अशी लाल शेपटी फुटली आहे, की लांबून तो दीर्घच वाटतो. तेव्हा शुद्धलेखन झालं म्हणायचं, लोकसहभागातून.

तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली. तुमचा हा विद्यार्थी कॉलेजात कालिदास शिकवेल असं तुम्ही चार माणसांत बोलून ठेवलं होतं. मी जन्म-मृत्यूच्या खिडकीत बसतो. सकाळी दहाला खिडकी उघडली की एकाला मूल झालेलं असतं, दुसऱ्याचा बाप गेलेला असतो, आणि दोघंही मला एकाच सुरात विचारतात, "कवा भेटन दाखला?" मधल्या वेळात नळ कधी येणार ते विचारायला लोक येतात. ते माझं खातं नाही, पण खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे. कार्यालयात माझ्या भाषेला मान आहे, हे सांगायला हरकत नाही. वाशीमला जिल्हा कार्यालयात जाणारं प्रत्येक पत्र माझ्या हातून जातं. 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'यथोचित कार्यवाही करण्यात यावी', 'निदर्शनास आणून देण्यात येते'. आमच्या पत्रांत क्रियापदांची चंगळ आहे गुरुजी, कर्ता मात्र औषधालासुद्धा सापडत नाही.

तुमच्याकडं हे चाललं नसतं. तुमच्या स्वयंपाकघरातला तो दिवस मला पुरता आठवतो. तुम्ही एकटे राहायचात. चुलीपुढं बसून भाकरी थापायचात, आणि मी समोर पाटावर बसून शब्द चालवायचो. चतुर्थीला अडखळलो की तुमची थाप मोठी पडायची, त्यावरून मला चूक कळायची. त्या दिवशी तुम्ही मागच्या अंगणात होता. पाणी घ्यायला गेलो आणि घागरीवरचं मडकं माझ्या हातातून निसटलं. तुकडे गोळा करण्याआधी मी मनातल्या मनात संधी जुळवली, आणि तुम्ही आत येताच उभा राहून म्हणालो, "घटो भग्नः." वाटलं, संस्कृत ऐकून खूश व्हाल. तुम्ही ओल्या जमिनीकडं पाहिलंत, माझ्याकडं पाहिलंत. "केन?" कुणाकडून, एवढंच विचारलंत आणि तसेच उभे राहिलात. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी हलला नाहीत. शेवटी मी "मया" म्हणालो, माझ्याकडून, तेव्हा कुठं तुम्ही भाकरी उलटलीत.

भाकरी करपली ती करपलीच. तुम्ही तीच खाल्लीत आणि चांगली मला वाढलीत.

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्ही मला एक देणगी दिली होती, तिच्याबद्दल लिहायचं आहे. पाचवीत माझं नाव घालायला आई आली होती. गुरुजींपुढं बसायचं कसं म्हणून दाराशी उभी. तिनं माझं नाव सांगितलं, घरात मला ज्या नावानं हाक मारायचे ते. तुम्ही टाक थांबवून म्हणालात, "हे काय नाव झालं? याचा मूळ शब्द निराळा आहे," आणि तो मूळ शब्द कॅटलॉगात लिहिलात, जोडाक्षरासकट. आई म्हणाली, "तुमाले बरं वाटते ते लिहा गुरुजी." मी घरी गेलो तो राजपुत्र होऊन. इतकी वर्षं माझं नाव चुकत होतं आणि एका थोर माणसानं ते दुरुस्त केलं, असंच मला वाटत होतं. आईला ते जोडाक्षर जन्मभर जमलं नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात वाशीमच्या दवाखान्यात नर्सनं माझ्या कागदावरच्या नावानं पुकारा केला, तर आई खाटेवरून म्हणाली, "तो आमचा नाई, दुसरा कोनी असन." आम्ही सगळे हसलो. तीही हसली, का हसायचं ते न कळता.

या देणगीचं मी पुढं काय केलं ते सांगतो. जुनी रजिस्टरं संगणकात चढवण्याचा आदेश आला तेव्हा मी तिशीत होतो, आणि कार्यालयात टायपिंग येणारा मी एकटा. आमची ग्रामपंचायत होती तेव्हापासूनची सगळी जन्म-मृत्यूची पानं. आधीच्या कारकुनानं लोक जसं बोलले तसं लिहून ठेवलेलं होतं. परल्हाद, लक्षुमन, सरसती, गिरजा, इठोबा. मला तुमची आठवण यायची. एकेका नावाशी थांबून मी मूळ शब्द शोधायचो आणि तो टाइप करायचो. प्रल्हाद. लक्ष्मण. सरस्वती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. संध्याकाळी उठताना वाटायचं, आज चाळीस माणसांना आपण आंघोळ घातली. विनोद असा, की वत्सगुल्माचं झिजून झिजून वाशीम झालं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. तेव्हा तुमच्या आवाजात काय कौतुक होतं! अख्ख्या गावाला झिजायची मुभा होती, माणसांना मात्र मी दिली नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी एक बाई खिडकीशी आली. साठीची असेल. माहेर रिठदचं, सासर आमच्या हद्दीतल्या तांड्याकडच्या वस्तीत. घरकुलाच्या यादीत तिचं नाव लागलं होतं, पण जागा नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. वारस म्हणून नाव चढवायचं तर त्याच्या मृत्यूचा दाखला हवा. इतक्या वर्षांत तिला त्याचं काम पडलं नव्हतं. मी शोधला, छापला, शिक्का मारला, दिला. आठ दिवसांनी ती परत आली. घरकुलवाल्यांनी तिला परत पाठवलं होतं. आधार कार्डावर ती दुरपता. दाखल्यावर मृताच्या पत्नीचं नाव द्रौपदी.

"बाबूजी," ती म्हणाली, "हे द्रौपदी कोन हाय?"

गुरुजी, मी ते पान ओळखलं. निळ्या शाईतलं 'दुरपता' माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं, कारण ते टाइप करताना मी हसलो होतो. महाभारतातल्या राणीची या लोकांनी काय दशा केली, असं वाटून हसलो होतो.

"ते तुमीच हा, बाई," मी म्हणालो. माझ्या तोंडात वऱ्हाडी आली की समजावं मी घाबरलो आहे. "टायपिंगची चूक झाली."

"टायपाची चूक एका अक्षराची होते. पुरं नाव कसं चुकते?"

ती खिडकीच्या गजाला धरून उभी होती. मग आवाज खाली करून म्हणाली, "खरं सांगा बाबूजी, मी काई बोलत नाई. लेक पोटात होती तवा दोन साल मी ऊसतोडीले गेली नाई. हे गेले. कोयता जोडीनं लागते, एकट्याले मुकादम घेत नाई. मी इचारलं होतं, संग कोन हाय? तं म्हनले, हाय एक जन. मरायच्या आंधीच तिचं नाव कागदावर लावून ठेवलं का यायनं?"

मागं रांगेत कुणीतरी म्हणालं, "ओ मावशी, सरका ना, आमाले बसनं जाचं हाय." ती सरकली.

दुरुस्तीची वाट आहे, नाही असं नाही. एक, मूळ रजिस्टर पाहायचं. ते रजिस्टर रेकॉर्डच्या खोलीतल्या फुटक्या पत्र्याखाली होतं. त्याचा आता लगदा आहे, पान सुटत नाही, सुटलं तर अक्षर सुटतं. मी वाशीमला मार्गदर्शन मागितलं. उत्तर आलं, 'मूळ अभिलेखाच्या आधारे उचित कार्यवाही करण्यात यावी.' वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. दुसरी वाट सोपी. तिनं तहसीलमध्ये अंगठा देऊन शपथपत्र करायचं, की दुरपता आणि द्रौपदी ही एकच बाई. मॅडम स्वतः तिला चांगलं समजावून बोलल्या. मी मसुदाही तयार केला, आणि माझा मसुदा चांगला असतो.

तिनं अंगठा दिला नाही. "मी द्रौपदी नाई," म्हणाली. "तिच्या नावाचा अंगठा मी काहून देऊ?"

"अहो मावशी, ती कोणी नाहीच आहे," मॅडम म्हणाल्या.

"नाई कशी? सरकारी कागदावर हाय ना." आणि माझ्याकडं बोट दाखवून, "यायनंच शिक्का मारून देला."

मी तिथंच बसलो होतो. दोन शब्दांचं काम होतं. मूळ नाव मला आठवतं, ते मी बदललं. पण आठवण हा पुरावा नव्हे, ती फक्त कबुली होते. शासकीय अभिलेखात फेरफार, असं त्या गुन्ह्याचं नाव होतं. माझी नोकरीची सहा वर्षं उरली आहेत. आणि एक दुरुस्त केलं की बाकीच्यांचं काय? त्या वर्षी मी किती माणसं शुद्ध केली, मला ठाऊक नाही. त्यातली कितीजण कुठल्या खिडकीशी, कुठल्या तालुक्यात उभी आहेत, तेही नाही. मी मॅडमला म्हणालो, "सिस्टीममध्ये बदलाची सोय नाही." हे खरं आहे. खरं आहे म्हणूनच बोलायला सोपं गेलं.

शेवटी आली तेव्हा ती भांडली नाही. दाखला घडी करून खिडकीतून आत सरकवला. "हे ठेवा तुमच्यापाशी. अन् घर तिलेच द्या. येईन ते द्रौपदी कागद घेऊन." गेली. यादीतलं तिचं नाव पुढच्या महिन्यात वगळलं गेलं. ते पत्रही मीच लिहिलं.

आमचा चपराशी तिच्याच वस्तीतला. मी सहज विचारतोय असं दाखवून त्याला अधूनमधून विचारतो. पितृपक्ष संपल्यावर तो म्हणाला, "साहेब, बुढीनं यंदा नवऱ्याचं पान नाई टाकलं. वीस साल टाकून राह्यली होती, वडे-खीर सगळं. यंदा चूलच नाई पेटवली त्या दिवशी. लेक आली होती रिठदवून, लय समजावलं तिनं. तं बुढी म्हने, जिच्यासंगं कोयता धरला तिच्या घरी जेवन तो."

हे तो चहा ओतताना बोलला आणि पुढच्या टेबलाकडं गेला. मी समोरच्या रजिस्टरात एका मुलीच्या जन्माची नोंद करत होतो. बाप नाव सांगत होता, मला ऐकू येत नव्हतं. मी त्याला म्हणालो, तुम्हीच लिहा, तुम्ही म्हणता तसंच लिहा. तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी त्याची थट्टा करतोय.

एका रविवारी मी मोटारसायकल काढून केनवडच्या बाजारात जातो म्हणून निघालो आणि तिच्या वस्तीच्या फाट्याशी थांबलो. तिचं घर फाट्यावरून दिसतं. कुडाचं आहे, एका अंगाला झुकलेलं, पुढं ताडपत्री. ती अंगणात तूर पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. मी बराच वेळ गाडीचा प्लग पाहत असल्यासारखा बसलो, आणि मग बाजारात न जाताच परत आलो. बायकोनं विचारलं, भाजी कुठं आहे? मी म्हणालो, बाजार भरला नव्हता.

नोकरीची भीती आहे, ती मी वर लिहिली. ती खरी आहे, पण तेवढ्यासाठी माणूस फाट्यावरून परत फिरत नाही. तिला नुसतं सांगायला कागद लागत नाही, शिक्का लागत नाही. द्रौपदी म्हणून दुसरी कोणी नव्हती, नवऱ्याच्या कागदावर तुझंच नाव होतं, हे अंगणात उभं राहून सांगता येतं. पण मी ते सांगितलं की ती विचारणार, मग माझं नाव काहून बदललं? आणि माझ्यापाशी एकच खरं उत्तर आहे. बाई, तुमचं नाव मला घाणेरडं वाटलं होतं. हे पत्र मी कुठं पाठवणार, गुरुजी! पण ते वाक्य तिच्यापुढं माझ्याच्यानं बोलवत नाही, आणि ती रोज त्या मेलेल्या माणसावर रुसून एकटी जेवते आहे.