सोनपंखीचं अंडं आणि इतर घाण

३ मार्च, रविवार
मुलीने गेम पाठवला. त्यात माझं नाव तिने बाबा असंच टाकलंय. अफाट जग, कुठेही खणा, काहीही बांधा. ती तिच्या शहरातून कित्येक महिने खेळतेय, आता मी इथून, पण जग दोघांचं एकच. सौ. म्हणाली, खेळा, निदान दोन शब्द तरी बोलाल. मागे मुलीच्या भाड्याच्या खोलीवर गेलो होतो, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. कारण काय, तर फ्रिजमधली एक बरणी मी फेकली. आंबलेलं पीठ, वर बुडबुडे, वास असा की शी! म्हणे पाव करायला मुद्दाम आंबवलं होतं, वर्षभर जपलं होतं. मी आरोग्य निरीक्षक आहे. हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासण्यात हयात गेली. घाण मला घाणच दिसणार.

संकल्प : या गेममधली सर्वांत दुर्मिळ वस्तू, म्हणजे सोनपंखी पक्ष्याचं अंडं, शोधून मुलीला द्यायचं. पुढच्या रविवारच्या आत. मग बघू कशी बोलत नाही.

४ मार्च
गेम कसला, उकिरडा आहे. कुठेही फावडं मारा, चिखल, हाडं, सडकं मांस. बेडकाची लाळ म्हणून एक वस्तू आहे. म्हणे खेळणारे ती खिशात घालून हिंडतात! सुदैवाने गेममधल्या माझ्या घरामागे लाव्ह्याचा खड्डा आहे. दिसली घाण की टाक त्यात. स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखे मेसेज टपकतात. तोही कचराच. बंद करून टाकले.

५ मार्च, संध्याकाळ
मुलगी गेममध्ये आली. इथेही बोलत नाही. माझ्यासमोर उभी राहून नुसत्या उड्या मारते. किती हा अबोला! मीही उड्या मारल्या. आपण कुठे कमी पडायचं नाही.

७ मार्च
पहिला डोंगर पालथा घातला. अंडं नाही. सौ. म्हणाली, मुलगी सांगत होती की ते दलदलीत मिळतं. मी हसलो. सोन्याच्या पंखांचा पक्षी चिखलात कशाला जाईल? मायलेकी मिळून माझी चेष्टा करतात.

९ मार्च
शिसारी आली! गेममधल्या घराच्या दारातल्या माझ्या स्वच्छ पेटीत घाण. हिरवट, बुळबुळीत गोळा, वर माश्या घोंगावतायत. खाली काहीतरी नाव लिहिलं होतं. वाचलं नाही. तपासणीतही मी लेबलं वाचत बसत नाही, बघताक्षणी कळतं. थेट लाव्ह्यात. त्याबरोबर आकाशात विजा कडाडल्या. गेमलाही पटलं असावं. आता हे टाकतंय कोण? या जगात आम्ही दोघंच. रानटी जनावरं असणार.

१० मार्च, रविवार
मुलगी आली. पेटी उघडून आत पाहिलं. आज उड्या नाहीत. तशीच निघून गेली. एवढी लख्ख पेटी तिने पाहिली नसेल. अंडं आजच्या आत मिळालं नाही, पण शोध शेवटच्या टप्प्यात आहे.

१३ मार्च
आज एका हॉटेलच्या ओट्याखाली झुरळं सापडली. जेमतेम वाकलो तर सापडली. आणि इथे मी अंड्याच्या हात धुऊन मागे लागलोय, तरी पत्ता नाही. सगळे डोंगर झाले. दोनदा कड्यावरून पडून मेलो. मुलगी तीन दिवस फिरकली नाही. मला काय त्याचं.

१४ मार्च
खूप वाटतं त्याचं.

१६ मार्च, दुपार
सौ.ने मोबाइल पुढे केला. सोनपंखीच्या अंड्याचं चित्र. हिरवट. बुळबुळीत. वर माश्या. चित्र चुकीचं असणार, म्हटलं. ती म्हणाली, त्या अंड्यासाठी पोरीने महिनोन्‌महिने दलदल उपसली, आणि तुमच्या पेटीत ठेवलं, तुम्हाला द्यायला. मग विचारलं, मला आधी कुणी का सांगितलं नाही? ती म्हणाली, पोरगी गेममध्ये तर रोज सांगतेय, तुम्हीच उत्तर देत नाही.

मेसेज चालू केले.

बाबा, आलात का? बाबा, उडी मारायला हे बटण. अरे वा, जमलं! बाबा, डोंगरावर नका जाऊ, दलदलीत या, मी आहे तिथे. बाबा, पेटीत काहीतरी ठेवलंय, बघा हं. त्याखाली गेमचा लाल अक्षरांतला मेसेज, बाबांनी सोनपंखीचं अंडं नष्ट केलं. त्याखाली पुन्हा तिचा, असू दे.

त्यापुढे काही नाही.

१७ मार्च, रविवार
दलदलीत उतरलो. गुडघाभर चिखल, वर फेस, बेडूकच बेडूक. किळस! स्क्रीनसमोर नाकाला रुमाल बांधून बसलो. सौ. हसली. हसू दे. संध्याकाळपर्यंत खणलं. लाळ मिळाली. फेकली नाही. खिशात ठेवली.

मुलगी आली. काठावर उभी राहिली. काहीतरी लिहायला हवं होतं. बरणीबद्दल लिहिलं, पुसलं. अंड्याबद्दल लिहिलं, तेही पुसलं. शेवटी लिहिलं, इथे फार घाण आहे.

तिने लिहिलं, हो बाबा. आणि आत उडी मारली.