अंगणातल्या दिव्याला मी दिसेनासा झालो

मु. पो. निरवांगी,
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थरूप कुशाक्काच्या पायांवर धाकट्या गेणबाचं डोकं. (तूर्त ते कागदावरच ठेवतो आहे. खाली वाकलं की हल्ली उठताना जरा दम लागतो, पण ते वयाचं आहे, तू मनावर घेऊ नकोस.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला का, की अजून खोकून खोकून शेजाऱ्यांना जागं ठेवतात? मोरगावाकडे यंदा बाजरीला दाणा बरा भरला असं ऐकलं, बरं वाटलं. तू दिलेली शेळी मजेत आहे. या पत्रात तिचाही भाग आहे, तो पुढे येईल.

तू म्हणशील, खिशात फोन असताना गेण्याला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली. अक्का, तुला कमी ऐकू येतं म्हणून तू फोनचा आवाज मोठा ठेवतेस, आणि मी इकडे काय बोललो ते तिकडे एसटी स्टँडपर्यंत जातं. इकडे तुझ्या भावजयीचे, सारजाचे कान असे, की मी गोठ्यात कुजबुजलो तरी तिला चुलीपाशी कळतं. आणि मला जे सांगायचं आहे ते भीतीबद्दल आहे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून उभी हयात काढलेल्या माणसानं आपण घाबरलो हे ओरडून सांगू नये. (रात्री कालव्यावर फेरी असली की मी पाणी सोडणारे दोन पाटकरी पुढे आणि एक मागे घेऊन चालत असे हे तुला ठाऊक आहे, खात्याला नव्हतं.)

सुरुवात बिबट्यापासून झाली. श्रावणात आमच्या शिवारात उसाच्या कडेला कुणाला तरी पंजाचा ठसा दिसला. तो बिबट्याचा की कुत्र्याचा यावर पारावर दोन तट पडले. मी बिबट्याच्या तटात होतो, कारण आपण कुत्र्याला घाबरलो असं उद्या निघालं तर वाईट दिसतं. तेव्हापासून दिवस कलला की गोठ्यात जायचं म्हणजे मी आधी दारातूनच दोनदा मोठ्यानं खाकरून घेई. आमचा गोठा अंगणाच्या पार टोकाला, आणि त्याच्यामागे लगेच ऊस, ज्यात ट्रॅक्टर उभा केला तरी दिसायचा नाही. आमचा दीपक बारामतीला एमआयडीसीत कामाला आहे, रविवारी येतो. (नावच दीपक, तेव्हा घरातल्या दिव्यांचा हक्क त्याच्याकडे.) त्याला माझी दया आली असावी. त्यानं एक एलईडीचा दिवा आणला. वर सोलरची पाटी, खाली पांढऱ्या दिव्यांची रांग, आणि मधोमध अर्ध्या लिंबाएवढा दुधी फुगवटा. तो त्याचा डोळा म्हणे. अंधार पडल्यावर समोरून माणूस किंवा जनावर हललं की दिवा आपोआप लागतो, आणि हालचाल थांबली की थोड्या वेळानं आपोआप विझतो. दीपकनं तो गव्हाणीजवळच्या खांबावर ठोकला. डाव्या हाताला गोठा, उजव्या हाताला स्वयंपाकघराचं दार, दोन्हीकडचं त्याला दिसावं असा.

पहिल्याच संध्याकाळी मी धार काढून बादली घेऊन निघालो आणि तोंडावर भक्कन उजेड पडला. दीपकनं सगळं समजावून सांगितलं होतं, पण घाबरायच्या वेळी समजावलेलं आठवत नाही. मला वाटलं, कुणीतरी आपल्यावर बॅटरी मारली, म्हणजे आपल्या मागे त्याला बिबट्या दिसला. मी "आला, आला!" अशी जी आरोळी ठोकली, ती ऐकून सारी भावकी काठ्या घेऊन धावत आली. त्यांच्या येण्यानं दिवा विझायचं नावच घेईना, आणि त्या लख्ख उजेडात, दुधानं भिजलेला, मी एकटाच उभा होतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी चुलत्यांची पोरं होती, आणि ती अजून हसतात.

सारजाची तऱ्हा वेगळी. दिवा लागला की हात जोडायचे ही तिची लहानपणापासूनची सवय, तुझीही आहे. आता हा दिवा एका संध्याकाळी कितीदा लागतो याला सुमार नाही. ती कळशी घेऊन निघाली की दिवा लागतो. कळशी खाली, नमस्कार. नमस्कार करून ती डोळे मिटून उभी राहते तोवर तो विझतो. कळशी उचलली की परत लागतो. परत कळशी खाली. मी म्हटलं, अगं, एकदा केला की पुरे. तर म्हणाली, "लक्षुमी दारात आल्यावर तिला सांगू व्हय, मगाशीच केला म्हणून?" त्या दिवसांत आमची जेवणं फार उशिरा होत.

पण खरं सांगतो अक्का, मला त्या दिव्याची माया जडली. गोठ्यातून पाऊल बाहेर टाकलं की तो लागायचा, आणि "आलास का गेणबा" असं कुणीतरी म्हटल्यासारखं वाटायचं. घरात असं म्हणणारं आता कोण राहिलं आहे? आई गेली, आणि तू मोरगावला.

मग खंडेनवमी आली. सारजानं नेहमीप्रमाणे घरातलं होतं नव्हतं ते पुजलं. कोयता, खोरं, विळा, मोटारीचा स्टार्टर, मिक्सर, आणि माझा जुना मोबाइल. (त्याच्या भोकात अक्षतेचा तांदूळ अडकला, तेव्हापासून पलीकडचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो.) मी त्या दिवशी घरी नव्हतो, बारामतीला गेलो होतो. काम होतं. ते असो. परतलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. तसाच धारेला गेलो, बादली घेऊन गोठ्यातून निघालो, आणि दिवा लागला नाही.

मी थांबलो, मागे गेलो, परत पुढे आलो. नाही. बादली ठेवून दोन्ही हात हलवले. नाही. म्हटलं, बिघडला असेल. तेवढ्यात सारजा स्वयंपाकघरातून राख टाकायला आली आणि दिवा लखकन लागला. तिनं पाटी खाली ठेवून हात जोडले. दुसऱ्या दिवशी तेच. सारजा आली, लागला. मांजर आलं, लागला. तुझ्या शेळीनं नुसती मान हलवली (ती उजवीकडे, स्वयंपाकघराच्या बाजूला बांधलेली असते), तरी लागला. आणि गोठ्याकडून मी, कालवा निरीक्षक, एवढा पाच फूट आठ इंचांचा देह, चालत आलो तर काळोख. (बादली घ्यायला सारजा दारातून पुढे आली की लागायचा, पण तो तिच्यासाठी.)

हे मी कुणाला बोललो नसतो, पण शेजारच्या धोंडाबाईंनी मला अंधारात लेझमीच्या पवित्र्यात उड्या मारताना पाहिलं. (दमही लागला, पण उड्यांनी तो कुणालाही लागेल.) सांगणं भाग पडलं. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या थोरल्या दिराला जायच्या आदी हिरीतल्या पान्यात त्याची सावलीच दिसंना झालती. त्यो म्हणायचा, पानी गढूळ हाय. पानी गढूळ न्हवतं, गेणबा." एवढं बोलून त्या दळण आणायला निघून गेल्या. मी तिथेच गव्हाणीवर बसलो. अक्का, मी हसण्यावारी लिहितो आहे, पण त्या क्षणी मी खरोखर भ्यालो. गाईच्या अंगाला टेकून बसलो, ती माझा सदरा चाटत होती, आणि मला वाटलं, हिला तरी मी दिसतो आहे ना?

त्यानंतरचे दिवस मी फार शहाण्यासारखा वागलो. बांधावरून ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्या चुलतभावाला बोलावून चहा पाजला. (तो प्याला, पण कपाकडे बराच वेळ संशयानं बघत होता.) पाण्याची मोटार कोणत्या बाजूनं धक्का दिला की चालू होते ते सारजाला दाखवून ठेवलं. चांगली चप्पल कोपऱ्यात ठेवून जुनी घालू लागलो, चांगली दीपकला होईल म्हणून. सारजानं कारल्याची भाजी केली तीही मुकाट्यानं खाल्ली. तेव्हा मात्र तिनं हातातला घास थांबवून माझ्याकडे पाहिलं, "तुमास्नी काय व्हतंय का?" मी म्हटलं, छे. आणि आणखी कारलं वाढून घेतलं.

शेवटी एक परीक्षा घ्यायची ठरवली. शेळीला सोडून गोठ्यात नेलं, आणि दिवेलागणीला तिच्या गळ्यातला दोर धरून बरोबर निघालो. दोघंही अंधारात. एवढ्यात तिला स्वयंपाकघराच्या दारात भाकरीचा तुकडा दिसला, तिनं हिसडा मारला, दोर सुटला, ती उजवीकडे धावली आणि दिवा लागला. भर उजेडात शेळी भाकरी खात होती. मग मला खात्रीच पटली. माझ्यापेक्षा शेळीत जीव जास्त उरलेला होता.

काल रविवारी दीपक आला. त्याला मी आडून विचारलं, हे दिवे माणूस कसा ओळखतात. तो म्हणाला, "अंगातल्या उबेवर, अप्पा." ऊब! मी हळूच स्वतःचा हात चाचपला. थंड लागला. माझा चेहरा बघून तो खांबाला शिडी लावून वर चढला, वाकून बघितलं, आणि हसत सुटला. हसता हसता शिडीवरून पडतो की काय अशी मला धास्ती. खाली येऊन त्यानं हात पुढे केला. बोटं लालभडक. दिव्याच्या डोळ्यावर, गोठ्याच्या बाजूच्या अर्ध्या अंगाला, हळदीकुंकवाचा हा जाड थर वाळून बसला होता, वर अक्षता चिकटलेल्या. खंडेनवमीला गव्हाणीवर चढून सारजानं दिवाही पुजला होता.

मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "कोयत्याला लावायचं, मिक्सरला लावायचं, आन जो रोज राखण करतो त्याला एकट्याला ठेवायचं व्हय?" दीपक म्हणाला, "पण एका बाजूला एवढं कशाला थापलंस?" तर म्हणाली, "त्या अंगानं ह्ये येत्यात अंधाराचं. म्हणून तिकडं जरा जास्तीच लावलं." यावर दीपक आणखी हसला. मी हसलो नाही. का ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

त्यानं ओल्या फडक्यानं डोळा पुसला. संध्याकाळी मी गोठ्यातून रिकाम्या हातानं, पाय मोजल्यासारखा, हळूहळू बाहेर आलो. दिवा लागला. अक्का, मी तिथल्या तिथे हात जोडले. सारजा दारात उभी होती, तिनंही जोडले.

तर असं झालं. आता काळजीचं कारण नाही, हे सांगायलाच पत्र लिहिलं. बाकी इकडे सगळं ठाकठीक. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, आणि आमच्या शेळीच्या आईला माझ्या नावानं मूठभर ओला पाला.

तुझा, दिव्यालासुद्धा दिसू लागलेला,
गेणबा

ता. क. – येताना बाजरीचं पीठ आण. इथल्या गिरणीचं भरड येतं.

दुसरा ता. क. – "येताना" लिहिलं, पण केव्हा ते राहिलं. भाऊबीजेला तू येतेसच. यंदा जरा आधी आलीस तर? वसुबारसेच्या आदल्या दिवशी. थेट निरवांगीला ये, मग दुसऱ्या दिवशी आपण सगळे मिळून बारामतीला जाऊ.

तिसरा ता. क. – अक्का, आता सरळच लिहितो. खंडेनवमीला मी बारामतीला हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. दम वयाचा नाही. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, आणि ती बघून वसुबारसेला अँजिओग्राफीसाठी बोलावलं आहे. मांडीच्या शिरेतून तार घालून आत बघतात. त्याच संध्याकाळी घरी आलो आणि दिव्याला मी दिसेना. एवढा का भ्यालो ते आता तुला कळलं असेल. घरात कुणाला सांगितलेलं नाही. सारजाला काही माहीत नाही, असं मी धरून चाललो आहे. (त्या बाजूला जास्तीच कुंकू का, हे तिला विचारायचं धाडस मला झालेलं नाही.) तू ये आणि तूच सांग. तिच्यापुढे हे बोलण्यापेक्षा मला बिबट्या परवडला. तोवर तिकडे गणपतीच्या कानावर माझं नाव घालून ठेव.

डॉक्टर म्हणाले, तार काढल्यावर पाय मुळीच हलवायचा नाही, पुष्कळ वेळ निपचित पडून राहायचं. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतं आहे. आमच्या अंगणातला दिवा हलणाऱ्यालाच लागतो. म्हणून म्हणतो, भाऊबीज यंदा अलीकडे घे. तुझं निरांजन घेऊन ये, जाण्याआधी मला पाटावर बसव आणि ओवाळ. लहानपणी ओवाळताना मी चुळबुळ करायचो, तेव्हा तू डोक्यात टपली मारून म्हणायचीस, "हलू नगंस गेण्या, दिवा इझंल."

यंदा मी अजिबात हलणार नाही.