चिठ्ठ्यांतला माणूस

४ मार्च, सकाळी ७.
वाचनालय पाडून नगरपालिका तिथे पार्किंग करणार म्हणे. करून दाखवाच! बचाव समितीत आम्ही अकरा जण, बायकोसकट. निमंत्रक मी. पण शिंपीणबाई आणि रिटायर्ड वायरमन एकमेकांचं तोंड बघत नाहीत. सुनावणी २० तारखेला. तोवर समितीत विश्वास निर्माण करणारच. संकल्प: कमी बोलायचं, जास्त ऐकायचं.

५ मार्च.
मीटिंगमध्ये ऐकण्याचं महत्त्व पटवून दिलं. पाऊण तास. मग वेळच संपली, बाकीच्यांचं ऐकायचं राहिलं.

८ मार्च.
आयडिया! तक्रारपेटी. बुटांचा खोका, वर फट. नाव न घालता मनातलं लिहायचं. शिंपीणबाईंनी विचारलं, काहीही लिहिलं तर चालेल? म्हटलं, बिनधास्त. त्यांनी जादा कागद मागितला. विश्वास वाढतोय.

१० मार्च, दुपारी.
पेटी उघडली. दहा चिठ्ठ्या. (मी टाकली नाही. मला कुणाबद्दल तक्रार नाही.) दहाही एकाच माणसाबद्दल! कुणाला बोलू देत नाही. पत्रकावर स्वतःचाच फोटो. विरोध केला की रुसतो आणि त्याला तत्त्व म्हणतो. एका चिठ्ठीत तर, 'घरीही हेच.' अरेरे, घरच्यांचे काय हाल असतील!
नाव कुठेच नाही. पण मी काय दूधखुळा आहे? वायरमन! पत्रकावरच्या माझ्या फोटोत मागे त्यांचा कान दिसतोच.

११ मार्च.
वायरमनकडे जाऊन आडून आडून समजावलं. दोन तास. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, मी हातानेच थांबवलं. निघताना म्हणाले, एक चिठ्ठी माझीही होती. स्वतःविरुद्ध चिठ्ठी! केवढं हे मन! मला भरूनच आलं.

१५ मार्च.
ही म्हणाली, अहो, त्या चिठ्ठ्या जरा पुन्हा वाचा. वाचल्या. वायरमनच.

१८ मार्च.
ठराव मांडला: चिठ्ठ्यांतल्या माणसाने सुनावणीत बोलू नये, पद असल्यास तेही सोडावं. (वायरमनना पद नाही, पण ठराव कसा भक्कम हवा.) अकराच्या अकरा हात वर. पहिला माझा. शिंपीणबाई आणि वायरमन चक्क एकमेकांकडे बघून हसले. भांडण मिटलं! जिंकलो!
मग हिने उठून त्या माणसाचं नाव सांगितलं.

१९ मार्च.
बोलत नाहीये कुणाशी. रुसलेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२० मार्च, संध्याकाळी.
सुनावणी. शिंपीणबाई चार मिनिटं बोलल्या, वायरमन तीन. एकमेकांचे मुद्दे उचलून धरत होते. मी मागच्या बाकावर. तीनदा उठलो, तीनदा हिने शर्ट धरून खाली बसवलं.
वाचनालय वाचलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि माझ्यावाचून कुणाचंच अडलं नाही, याचं फार वाईटही वाटलं.
नंतर सगळे समोरच्या टपरीवर. ऑर्डर कोण देणार, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, अकरा चहा. दहाही जणांनी माना डोलावल्या.
तो ठराव सोडला, तर समितीला माझं बोलणं पटल्याची ही पहिलीच वेळ.