दान आलेले वीस दिवस

प्रिय मार्लिस,

तिकडे अ‍ॅरिझोनाच्या उन्हात बसून तू हे पत्र उघडशील, तेव्हा इथे डलूथला सरोवर काठापर्यंत गोठलेलं असेल. हवामानाचं एवढंच. बाकी सगळं मला तुला विचारायचं आहे, आणि तू सरळ उत्तर देशील याची मला खात्री नाही.

जानेवारीत शिक्षण कार्यालयाचं पाकीट आलं. माझ्या आजारपणाच्या रजा संपल्या होत्या, आणि कुणीतरी आपल्या रजेतले वीस दिवस माझ्या नावावर दान केले होते. देणाऱ्याचं नाव नियमाप्रमाणे गुप्त. संगीताच्या बाईंची केमोथेरपी चालू होती तेव्हा आपणही प्रत्येकीने दोन-दोन दिवस दिले होते. पण मला कुठे कॅन्सर झालाय? सोबत एक अर्ज होता. शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचा, नाहीतर दिवस परत. 'रजेचं कारण' या ओळीवर मी पेन टेकवलं आणि उचललं.

पहिला संशय मुख्याध्यापक डाल यांच्यावर. ते हल्ली माझ्या वर्गाच्या दारातून डोकावतात आणि हसतात. त्यांना हसताना तू कधी पाहिलंयस? मला वाटलं, मला घरी बसवायचं आणि तेवढ्यात माझ्या जागी कुणी तरुण पोरगी आणून उभी करायची. मग संशय व्हॅलवर. तुझ्या जुन्या खोलीत आता तीच शिकवते. रोज सकाळी मी पार्किंगमध्ये इंजिन बंद करून बसून राहते, काच आतून गोठेपर्यंत, आणि तिची गाडी नेमकी शेजारी असते, म्हणजे तिला ते दिसतंच. तिला मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं, मला घरी पाठवायची एवढी घाई कशाला? हातातलं सँडविच तसंच धरून ती म्हणाली, "अगं बाई, माझेच तीन दिवस उरलेत, ते गुडघ्याच्या ऑपरेशनला ठेवलेत. तुला कशाला देऊ? तू मला साधी कॉफी तरी विचारतेस का?" सगळे हसले. मी घरी जाऊन त्या हसण्याचाही अर्थ लावत बसले.

ऑफिसातल्या अर्लीनला तर चार वेळा गाठलं. "लोकांना सुट्टी मिळाली की ते बर्फात मासे पकडायला जातात. तू चोर पकडत फिरतेयस," म्हणाली. शेवटी वैतागली. "नाव नाही सांगणार. पण कागद जूनमधला आहे. तुझ्या स्वतःच्या रजा संपेपर्यंत आमच्याकडे पडून होता. आता जा, वर्गात पोरं छपरावर चढली असतील."

जूनमध्ये शाळा सोडून गेलीस ती एकटी तू, आणि उरलेल्या रजा तुला वापरायच्या नव्हत्या.

मला तुझा रागच आला. जूनमध्ये मी ठणठणीत होते. तुझ्या निरोपाला ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश मीच केली होती, दोन मोठी भांडी भरून. पण परीक्षेच्या आठवड्यात तू माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाली होतीस, "ग्रेटा, हा पेपरांचा गठ्ठा तू कालच तपासलास." मी ते हसण्यावारी नेलं. म्हणजे तुला तेव्हाच दिसलं होतं. मग तोंडावर का नाही बोललीस? चौदा वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना शिकवलं आपण. की बोलली असतीस तर मी तुझ्याशी बोलणंच टाकलं असतं, हे तुला ठाऊक होतं?

या सोमवारी एका मुलीचं नाव मला आठवेना. सप्टेंबरपासून पहिल्या बाकावर बसते. तिने ते स्वतःच सांगितलं, हळू, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. आणि मला तिचाही संशय आला, की हिला कुणी शिकवून पाठवलंय का. अकरा वर्षांच्या मुलीचा! मार्लिस, त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

आभार मानायला हे पत्र लिहिलेलं नाही, ते मला अजून जमायचं आहे. उद्या शुक्रवार. अर्ज समोर आहे. त्या ओळीवर मी पेन्सिलीने सर्दी लिहून पाहिलं, पाठदुखी लिहून पाहिलं, आणि खोडलं. खरं कारण पहिल्यांदाच अनोळखी लोकांच्या कागदावर लिहायला हात धजत नव्हता. म्हणून आधी तुला लिहायला बसले. मी थकलेय. झोपून जाणारा थकवा नाही हा. मला आता होत नाही, मार्लिस. बघ, लिहिलं. आता हेच अर्जावर शाईने उतरवते.

तुझीच,
ग्रेटा