टेक अ कॉल

४ नोव्हेंबर, सकाळी ९
दिवाळी संपली. आजपासून रोज रोजनिशी आणि बिझनेस इंग्रजी. खंडाळ्याच्या कंपनीला पंपाच्या झाकणाची दोन सॅम्पलं पाठवून पंधरा दिवस झाले. एक चार बोल्टचं, एक सहा बोल्टचं. अजून उत्तर नाही. ऑर्डर आली तर कुपवाडच्या आपल्या शेडमधली दुसरी शिफ्ट चालेल, नाहीतर सात माणसं घरी. आणि तिकडे शौनकसाहेबांना दोनातलं एक निवडता येत नाही. माणसानं इतकं डळमळीत असू नये.
आज कडक मेल टाकणार.

५ नोव्हेंबर
टाकला नाही. सुरुवात 'काइंडली'नं करावी की 'प्लीज'नं, यात दिवस गेला. 'काइंडली'त राग दिसत नाही. 'प्लीज'मध्ये लाचारी दिसते.
फोरमन आप्पासोंनी विचारलं, तयारी चारची करू का सहाची. बघू म्हणालो.

६ नोव्हेंबर
यूट्यूबवरच्या बाई म्हणतात, इंग्रजीत चिडल्यावर 'आय वुड अप्रिशिएट' म्हणायचं. म्हणजे आभार मानून शिवी. इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य उगाच नाही केलं.
बायको म्हणाली, सरळ फोन करा. चारुशीलाला प्रोफेशनल गोष्टी कळत नाहीत. वर मेथी करू का गवार, हेही मलाच विचारते. बघू म्हणालो.

८ नोव्हेंबर, दुपारी १२.१०
सतराव्या ड्राफ्टनंतर मेल गेला. 'आय वुड अप्रिशिएट अ डिसिजन.' तिकडे घाम फुटला असणार.

१२.२५
फुटलाच. शौनकसाहेबांचं उत्तर: 'बोथ आर फाइन. प्लीज टेक अ कॉल बाय ट्यूजडे.' मंगळवारपर्यंत स्वतः फोन करतायत. आपण फक्त घ्यायचा.

११ नोव्हेंबर
फोन नाही. मोबाइल जेवताना खिशात, आंघोळीला बादलीशेजारी. पुण्याहून लेकीचा आला. लाइन अडवू नकोस सांगून ठेवला. स्वानंदीला राग आला बहुतेक.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
आप्पासोंना मेल वाचून दाखवला. म्हणाले, "आवं मालक, त्यांचा येत न्हाई तर आपन लावू की फोन. चार का सहा, यवढंच हाय न्हवं?"
समजावलं, की 'टेक' लिहिलंय, 'मेक' नाही. मान हलवून शेडमध्ये गेले. वाईट वाटलं, पण ग्रामर म्हणजे ग्रामर.
संध्याकाळी ७. फोन नाहीच. लोकांना शब्दाची किंमत नाही.

१३ नोव्हेंबर
मेल आला. 'वुई वेटेड फॉर युअर डिसिजन. वुई हॅव चोझन अनदर व्हेंडर.'
स्वानंदीला फोन करून वाचून दाखवला. तिनं आधीचा मेलही वाचायला लावला. मग म्हणाली, "बाबा, टेक अ कॉल म्हणजे निर्णय घ्या. तुम्ही."
मेलमधली वाक्यं मात्र सुरेख आहेत. 'काइंडली' नाही, 'प्लीज' नाही. वहीत उतरवून घेतली.

दुपारी ४
दुसऱ्या शिफ्टचे सातही जण दारात आले. आप्पासो पुढं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासनं कुनी यायचं, कुनी न्हाई, तेवढं तरी सांगा."
बघू म्हणालो.